'माय हेड इज पेनिंग' ऐवजी काय म्हणायचं?

मराठीत 'दुखणं' हे एकच क्रियापद सगळीकडे चालतं. डोकं दुखतं, दात दुखतो, पाय दुखतात, चालून दुखतात आणि आपटूनही दुखतात. इंग्रजी बोलायची वेळ आली की आपण 'दुखणं'साठी एक शब्द शोधतो. शब्दकोशात 'पेन' सापडतो, आणि मग त्यालाच मराठी क्रियापदासारखं पळवायला लागतो: 'माय हेड इज पेनिंग', 'माय लेग्ज आर पेनिंग'. समोरच्याला अर्थ कळतो, त्यामुळे कुणी टोकत नाही आणि सवय पक्की होते. पण परीक्षेत, मुलाखतीत किंवा परदेशी डॉक्टरसमोर हे वाक्य चटकन खटकतं. 'पेन' क्रियापद म्हणून शब्दकोशात आहे हे खरं, पण अवयवाच्या दुखण्यासाठी 'इज पेनिंग' हे आजच्या ब्रिटिश किंवा अमेरिकन बोलण्यात जवळजवळ ऐकूच येत नाही.

दुखण्याचं काम इंग्रजीत चार शब्द वाटून घेतात: पेन, हर्ट, एक आणि सोअर. तिसऱ्या शब्दाचा उच्चार आपल्या 'एक' आकड्यासारखाच आहे, फक्त ए थोडा लांबवायचा. वाचताना घोटाळा नको म्हणून पुढे तो 'एऽक' असा लिहितो. स्पेलिंग ए-सी-एच-ई. सी-एच असूनही उच्चार 'क' का, तर हे क्रियापद पूर्वी ए-के-ई असंच लिहीत. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात या शब्दाचं मूळ चुकून एका ग्रीक शब्दाशी जोडलं आणि सी-एचचं स्पेलिंग रूढ झालं. 'हेडेक'मध्ये बसलेला हाच तो शब्द.

या चौघांतला फरक आधी शब्दांच्या जातीचा आहे, अर्थाचा नंतर. 'पेन' हे नाम म्हणून वापरायचं, 'हर्ट' हे क्रियापद म्हणून. 'एऽक' दोन्ही आहे आणि 'सोअर' विशेषण. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात. 'डोकं दुखतंय' म्हणायला दोन सरळ वाटा आहेत: एक तर अवयव कर्ता आणि क्रियापद 'हर्ट', म्हणजे 'माय हेड हर्ट्स'. नाहीतर माणूस कर्ता आणि दुखणं ही त्याच्याजवळची वस्तू, म्हणजे 'आय हॅव अ हेडेक'. दुसरी वाट मराठीला अनोळखी नाही. 'मला ताप आहे', 'मला खोकला आहे' असं आपण म्हणतोच.

'हर्ट'पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त उपयोगी तोच. अवयव एकवचनी असेल तर वर्तमानकाळात 'एस' लागतो: 'माय नी हर्ट्स'. अनेकवचनी असेल तर लागत नाही: 'माय नीज हर्ट'. आत्ता, या क्षणी दुखतंय हे ठसवायचं असेल तर 'माय नी इज हर्टिंग' चालतं. दोन्हीत अर्थाचा फारसा फरक नाही. भूतकाळ आणि तिसरं रूप दोन्ही 'हर्ट'च राहतात. 'हर्टेड' असं रूप इंग्रजीत नाही. 'काल पाठ फार दुखत होती' म्हणजे 'माय बॅक हर्ट अ लॉट यस्टरडे' किंवा 'वॉज हर्टिंग अ लॉट'.

याच शब्दाला कर्म दिलं की अर्थ पालटतो. 'माय फूट हर्ट्स' म्हणजे पाऊल दुखतंय. 'आय हर्ट माय फूट' म्हणजे मी पावलाला दुखापत करून घेतली, आणि हे वाक्य सहसा भूतकाळाचं असतं. कुणी पडलं की विचारायचं 'डिड यू हर्ट योरसेल्फ?' किंवा 'आर यू हर्ट?'. अपघातात जखमी झालेल्यांसाठी 'हर्ट' आणि 'इंजर्ड' दोन्ही चालतात. 'वूंडेड' मात्र हत्याराने किंवा लढाईत झालेल्या जखमेसाठी राखलेला शब्द आहे. जिन्यावरून पडलेल्या माणसाला 'वूंडेड' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहतं. आणि 'आय ॲम हर्ट' संदर्भ न देता म्हटलं तर 'माझं मन दुखावलंय' असाही अर्थ निघतो.

डॉक्टर विचारतात 'व्हेअर डझ इट हर्ट?'. या 'इट'ला कशाचाही संदर्भ नाही, ते नुसतं कर्त्याची जागा भरतं. उत्तरातही तेच वापरायचं: 'इट हर्ट्स हिअर', 'इट हर्ट्स व्हेन आय स्वॉलो', 'इट हर्ट्स व्हेन आय प्रेस इट'. शरीरशास्त्रातला नेमका शब्द आठवला नाही तर बोट ठेवून 'इट हर्ट्स हिअर' म्हणावं. पूर्ण शुद्ध वाक्य आहे ते.

आता 'पेन'. एक अडचण उच्चाराची आहे. लिहायच्या पेनचा स्वर ऱ्हस्व आहे, दुखण्याच्या पेनचा लांब आणि शेवटी 'इ'कडे झुकणारा, साधारण 'पेइन'. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ ए असा भेद नसल्यामुळे आपल्या तोंडून दोन्ही सारखेच निघतात, आणि 'आय हॅव अ पेन' ऐकणारा खिशाकडे बघू शकतो. स्वर ओढून म्हणायची सवय लावलेली बरी.

दुखणं एका ठरावीक जागी असेल तर 'अ' लावून: 'आय हॅव अ पेन इन माय शोल्डर'. एकूण वेदना म्हणायची असेल तर 'अ' नको: 'शी इज इन पेन', 'ही इज इन अ लॉट ऑफ पेन'. हे 'इन पेन' जरूर उचलावं. 'मला खूप त्रास होतोय, वेदना होताहेत' याला इंग्रजीत सगळ्यात नैसर्गिक हेच आहे. 'आय ॲम पेनफुल' मात्र चूक, कारण 'पेनफुल' म्हणजे वेदना देणारं. गुडघा, इंजेक्शन, आठवण हे पेनफुल असू शकतं. वेदना सोसणारा माणूस नाही. खूप वेदना म्हणजे 'मेनी पेन्स' नव्हे, 'अ लॉट ऑफ पेन'. 'पेन्स' हे अनेकवचन मोजक्या ठिकाणी येतं: प्रसूतीच्या कळांना 'लेबर पेन्स', छातीत राहून राहून येणाऱ्या कळांना 'चेस्ट पेन्स', आणि वयाप्रमाणे होणाऱ्या किरकोळ दुखण्यांना 'एऽक्स अँड पेन्स'. 'टेक पेन्स' म्हणजे वेदना घेणं नाही. त्याचा अर्थ मेहनत घेणं, कसोशीने काम करणं.

जागा सांगताना 'इन' हेच शब्दयोगी: 'अ पेन इन माय नी'. 'पेन ऑफ नी' किंवा 'पेन ॲट नी' नाही. अवयवाआधी 'माय' लागतंच. मराठीत 'गुडघ्यात दुखतंय' म्हटलं की कुणाचा ते कळतं, इंग्रजीत ते सांगावं लागतं. एका ठिकाणी मात्र 'द' येतो: कुणीतरी किंवा कशानेतरी आपल्याला लागलं तर. 'द बॉल हिट मी इन द स्टमक', 'ऑन द हेड'. मानेच्या बाबतीत हा फरक विशेष सांभाळायचा. 'आय हॅव अ पेन इन माय नेक' म्हणजे मान दुखतेय. 'ही इज अ पेन इन द नेक' म्हणजे तो माणूस डोक्याला ताप आहे.

'एऽक' म्हणजे मंद, सतत राहणारं दुखणं. खूप चालून पाय भरून येतात, तापात अंग मोडून येतं, तिथे हा शब्द चपखल. 'माय लेग्ज एऽक', 'आय एऽक ऑल ओव्हर'. तापातल्या अंगदुखीला आपण 'बॉडी पेन' म्हणतो; 'माय होल बॉडी एऽक्स' किंवा 'आय हॅव बॉडी एऽक्स' जास्त सहज वाटतं. सुई टोचल्यासारखी कळ आली तर तिला 'एऽक' म्हणत नाहीत.

अवयवाला 'एऽक' जोडून होणारे शब्द थोडेच आहेत: हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक आणि स्टमक एऽक. घरगुती बोलण्यात पोटासाठी टमी आणि बेलीलाही तो जोडतात. बाकी अवयवांना तो जोडू नये. 'नी-एक', 'लेग-एक', 'नेक-एक' असं कुणी म्हणत नाही. तिथे 'नी पेन', 'नेक पेन', 'चेस्ट पेन'. 'हार्टेक' हा शब्द आहे, पण तो मनाच्या दुःखासाठी. छातीत दुखत असताना 'आय हॅव अ हार्टेक' म्हणणं धोक्याचं आहे, कारण ऐकणारा सांत्वन करत बसेल. 'हार्टबर्न'चाही हृदयाशी संबंध नाही. पोटातलं आम्ल वर येऊन छातीत जळजळतं ते. 'आयसोर'ही असाच: डोळे येणं किंवा दुखणं नव्हे, डोळ्यांना खुपणारी कुरूप गोष्ट, म्हणजे एखादी बेढब इमारत वगैरे.

आर्टिकलचा प्रश्न इथे हमखास येतो. 'हेडेक'ला 'अ' हवाच, 'आय हॅव हेडेक' चूक. दात, कान, पाठ यांच्या बाबतीत ब्रिटिश लोक 'आय हॅव गॉट टूथेक' असं 'अ'शिवायही म्हणतात, अमेरिकन 'अ टूथेक' म्हणतात. शिकणाऱ्याने सगळीकडे 'अ' लावावा, कुठेच अडणार नाही. वारंवार होत असेल तर क्रियापद 'गेट' आणि नाम अनेकवचनी: 'आय ऑफन गेट हेडेक्स'. 'आय ॲम हॅविंग अ हेडेक' टाळावं; डोकेदुखी, ताप, सर्दी यांच्यासाठी साधं 'हॅव' पुरतं. 'आय ॲम हॅविंग चेस्ट पेन्स' मात्र बरोबर आहे, कारण तिथे आत्ता, समोर काहीतरी घडत असल्याची खबर दिली जाते.

'सोअर' हे हुळहुळं झालेल्या, सुजलेल्या किंवा जास्त वापराने दुखऱ्या झालेल्या भागासाठी. घसा दुखतो त्याला ठरलेला प्रयोग 'आय हॅव अ सोअर थ्रोट'. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, तेव्हा 'माय थाइज आर सोअर'. नाम म्हणून 'अ सोअर' आलं तर मात्र तो फोड किंवा व्रण असतो. 'आय हॅव अ सोअर इन माय माउथ' म्हणजे तोंड आलंय.

खरी गंमत दुखण्याच्या जातींमध्ये आहे, आणि इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. ठणका, कळ, सणक, चमक, पेटका, मुरडा, जळजळ, चुरचुर, उसण असे कितीतरी शब्द आपल्या तोंडात असतात. इंग्रजीत गेलो की आपण ते सगळे विसरून नुसतं 'टू मच पेन' म्हणतो. डॉक्टरला मात्र जात कळायला हवी असते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे 78 शब्द 20 गटांत मांडले आहेत.

आपल्याला एवढे लागत नाहीत. दाढ किंवा पिकलेलं बोट ठणकतं ते 'थ्रॉबिंग': नाडीच्या ठोक्याबरोबर कमी-जास्त होणारं. आग होते ते 'बर्निंग'. भोसकल्यासारखं ते 'स्टॅबिंग', आणि नुसतीच तीव्र, अचानक कळ ती 'शार्प'. एका जागेहून निघून विजेसारखी खाली सरकते ती 'शूटिंग'. पोटात मुरडा येतो किंवा पोटरीत पेटका येतो, दोन्हीला 'क्रॅम्प'. जखमेवर औषध लावल्यावर चरचरतं, धुराने डोळे चुरचुरतात, तिथे 'स्टिंग': 'माय आइज आर स्टिंगिंग'. कमरेत क्षणभर चमक गेली तर 'अ ट्विंज', धावताना कुशीत चमक भरली तर 'अ स्टिच', मान धरली तर 'अ स्टिफ नेक', मानेत किंवा पाठीत उसण भरली तर 'अ क्रिक'. एरवी काही वाटत नाही पण हात लावला की दुखतं, ते 'टेंडर'. मुंग्या येतात ते 'पिन्स अँड नीडल्स', आणि बधिर होतं ते 'नम'. 'नम'च्या स्पेलिंगमधला शेवटचा बी उच्चारायचा नाही. पाय मुरगळला तर 'आय ट्विस्टेड माय अँकल' म्हणावं. 'स्प्रेन' ही हाडांना जोडणाऱ्या अस्थिबंधाची दुखापत, 'स्ट्रेन' ही स्नायूची किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायुबंधाची.

तीव्रतेसाठी 'माइल्ड', 'मॉडरेट' आणि 'सिव्हिअर' पुरे होतात, बोलताना 'बॅड' आणि 'टेरिबल'ही चालतात. 'हेवी पेन' म्हणू नये. पण सगळ्यात जास्त घोळ 'क्रॉनिक' आणि 'ॲक्यूट' यांचा होतो. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर असं अनेकांना वाटतं. वैद्यकात त्याचा संबंध फक्त काळाशी आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा वारंवार परतणारं दुखणं 'क्रॉनिक', मग ते सौम्य का असेना. 'ॲक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं, थोड्या दिवसांचं. काल सुरू झालेल्या पोटदुखीला 'क्रॉनिक' म्हटलं तर डॉक्टर पूर्णपणे चुकीच्या दिशेने विचार करू लागेल.

अवयवांची नावंही नीट जुळत नाहीत. आपला 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत. इंग्रजीत मनगटाच्या वर 'आर्म', खाली 'हँड'. पायाचंही तसंच: घोट्याच्या वर 'लेग', खाली 'फूट'. पाऊल दुखत असताना 'लेग' म्हटलं तर तपासणी दुसरीकडेच सुरू होते. सर्वांत फसवी कंबर. शब्दकोश 'वेस्ट' सांगतो, पण ती पॅन्टच्या मापाची कंबर. दुखते ती 'लोअर बॅक'.

हे सगळं एका नमुन्यावर लावून बघू. कंबरदुखीचा रुग्ण सहसा असं बोलतो: 'माय वेस्ट इज पेनिंग सिन्स फोर डेज. व्हेन आय बेंड इट इज पेनिंग मोर. फ्रॉम यस्टरडे लेग ऑल्सो इज पेनिंग. आय टुक टॅबलेट बट पेन डिड नॉट रिलीफ.'

पहिल्या वाक्यात 'वेस्ट' जाऊन 'लोअर बॅक' येईल. चार दिवस हा कालावधी आहे, म्हणून 'फॉर'; 'सिन्स' फक्त सुरुवातीच्या क्षणासाठी, जसं 'सिन्स मंडे', 'सिन्स धिस मॉर्निंग'. आणि दुखणं मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून 'इज' पुरत नाही, 'हॅज बीन' लागतं: 'माय लोअर बॅक हॅज बीन हर्टिंग फॉर फोर डेज.' मराठीत 'चार दिवसांपासून दुखतेय' असा साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून ही चूक इतकी चिवट आहे. दुसरं वाक्य: 'इट गेट्स वर्स व्हेन आय बेंड डाउन.' दुखणं वाढणं म्हणजे 'गेट वर्स', कमी होणं म्हणजे 'गेट बेटर' किंवा 'ईज', पूर्ण जाणं म्हणजे 'गो अवे', येऊन-जाऊन असणं म्हणजे 'इट कम्स अँड गोज'. तिसऱ्यात 'फ्रॉम'च्या जागी 'सिन्स', पाय कोणता ते, आणि दुखण्याची जात: 'सिन्स यस्टरडे आय हॅव ऑल्सो हॅड अ शूटिंग पेन डाउन माय लेफ्ट लेग.' इथे 'डाउन' या एका शब्दाने कळ वरून खाली जाते हे कळलं, आणि डॉक्टरला तेच हवं होतं. चौथ्यात 'रिलीफ' हे नाम क्रियापदाच्या जागी बसलंय. क्रियापद 'रिलीव्ह', शेवटी व्ह. पण बोलताना त्याहून सोपं आहे: 'आय टुक अ पेनकिलर, बट इट डिडंट हेल्प.' शक्य असेल तर गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅमची तेही इथेच जोडावं.

ऑफिसला कळवताना लोक 'आय ॲम सफरिंग फ्रॉम हेडेक' असं लिहितात. 'सफर फ्रॉम' हे दीर्घकाळच्या किंवा वारंवार होणाऱ्या आजारासाठी ठेवावं: 'शी सफर्स फ्रॉम मायग्रेन्स'. एका दिवसाच्या डोकेदुखीला ते फार जड होतं. 'आय हॅव अ बॅड हेडेक अँड वोंट बी एबल टू कम इन टुडे' एवढं एक वाक्य पुरतं. आणि दुसऱ्या दिवशी कुणी चौकशी केलीच, तर 'माय हेड इज ओके नाऊ' ऐवजी 'द हेडेक इज गॉन, थँक यू'.